‘अस्सल’ कुठे लिहायचं, ‘टिपिकल’ कुठे आणि ‘पट्टीचा’ कुणाला म्हणायचं

कुडाळात फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं डीटीपी करते मी, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची विशेषणं टाइप करायची. त्यातलं सगळ्यात स्वस्त झालेलं विशेषण कुठलं म्हणाल तर अस्सल. 66 नंबरच्या हायवेला लागा आणि पनवेल सोडल्यापासून सावंतवाडी येईपर्यंत “अस्सल मालवणी जेवण” किती वेळा दिसतं ते बघा, मग अस्सल घरगुती, अस्सल गावठी, आणि एका गाडीवाल्याला तर मी अस्सल चायनीजपण छापून दिलंय, गिऱ्हाईक पैसे देतंय म्हटल्यावर आपण कशाला अडवायचं. पण त्याने होतं काय, की खरंच अस्सल काहीतरी दाखवायचं असतं तेव्हा हाताशी शब्द उरत नाही. होमस्टेचा बोर्ड असू दे, इन्स्टाची कॅप्शन असू दे नाहीतर कुणाच्या निरोप समारंभाचं भाषण, “ही गोष्ट म्हणजे अगदी त्या जातीचा नमुना” असं सांगायचं तर मराठीत शब्द भरपूर आहेत, फक्त कुठला कुठे चालतो ते बघून घ्यावं लागतं.

आधी ठरवा, सांगायचंय काय

सगळी गडबड इथेच होते. टिपिकल, आदर्श, अस्सल, खास हे शब्द आपण बिनधास्त एकाच्या जागी दुसरा टाकतो, पण प्रत्येकाच्या पोटात वेगळा प्रश्न आहे. टिपिकल म्हणजे नेहमी असंच असतं का. आदर्श म्हणजे असंच असायला हवं का. अस्सल म्हणजे मूळचं आहे ना, भेसळ नाही ना. आणि खासियत किंवा ओळख म्हणजे हे बघितल्यावर ते गाव, ती माणसं आठवतात का.

जेवणाचंच घ्या. कोंबडी-वडे ही मालवणी जेवणाची ओळख, त्यात वाद नाही, पण रोज कोण करतं? पाव्हणे आले, गटारी असली, देवाचा मान झाला की होतात. रोजचं म्हणाल तर सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणच्याची फोड नाहीतर सुका बांगडा भाजून, दुपारी भात आणि माशाचं सार, आणि मासे नसले तर कुळथाची पिठी. आता टिपिकल म्हणजे नेहमीचं, हा अर्थ धरला तर टिपिकल मालवणी थाळीत पेज आणि पिठी यायला पाहिजे, आणि ती कुठल्याच मेनूकार्डावर नसते कारण पर्यटक पेजेला थाळीचे पैसे देणार नाही. मग थाळीवर टिपिकल कशाला लिहायचं, “मालवणची खासियत” लिहा, ते खरं तरी आहे. एका वेंगुर्ल्याच्या बाईंनी मेनूत “आमच्याकडे रोज असतं ते” असा वेगळा रकाना करून घेतला आणि त्यात पेज, पिठी, भाकरी, भाजी टाकली, मला तो रकाना सगळ्या मेनूत आवडला. टिपिकल हा शब्द न वापरता टिपिकलच सांगितलंय.

अजून एक, टिपिकल मराठीत आला तो थोडं नाक मुरडूनच आला. “टिपिकल सासू”, “टिपिकल सरकारी उत्तर”, “काय तू पण टिपिकल” ह्यात कौतुक कुठेच नाही. ठराविक, साचेबद्ध, छापील, ठोकळेबाज ही त्याचीच भावंडं, एकाहून एक कंटाळलेली. म्हणून विकायच्या वस्तूला टिपिकल लावताना दोनदा विचार करा. नाक न मुरडता तेच सांगायचं असेल तर रिपोर्ट-बिपोर्टमध्ये “प्रातिनिधिक” चालतो, एक नमुना दाखवून पुढे जायचं असेल तर “वानगीदाखल” आहे, आणि बोलताना सरळ “आमच्याकडे हे असंच असतं”.

घर, चिरा आणि नमुना

होमस्टेवाल्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य म्हणजे “टिपिकल कोकणी घर”. फोटोत काय असतं, तर कौलारू छप्पर, चिऱ्याच्या भिंती, पुढे शेणाने सारवलेलं खळं, तुळशीवृंदावन, पडवीत झोपाळा. छान आहे, पण आज कुठल्याही वाडीत फिरा, स्लॅबची घरं, पुढे पत्र्याची शेड, खळ्यात पेव्हर ब्लॉक. नेहमी दिसणारं घर आता हे आहे. फोटोतलं घर टिपिकल राहिलेलं नाही, ते “जुन्या पद्धतीचं” आहे, “पारंपरिक” आहे, नीट राखलेलं असेल तर “नमुनेदार” आहे. ह्यातलं काहीही लिहा, पाव्हण्याला काय मिळणार ते तरी कळेल.

नमुना हा शब्द मला स्वतःला फार आवडतो कारण तो तिन्हीकडे चालतो. तलाठ्याकडे नमुना म्हणजे फॉर्म, गाव नमुना 7 आणि 12 मिळून आपला सातबारा. दुकानात नमुना म्हणजे सॅम्पल. आणि घरात “काय नमुना आहे” म्हटलं की काकांकडे सगळे वळून बघतात. आता गंमत अशी की नमुना म्हणजे सरासरी असंही नाही, म्हणजे शास्त्रातसुद्धा नाही. प्राण्या-वनस्पतींच्या नवीन जातीला नाव देताना एक नमुना बाजूला काढून ठेवतात आणि नाव त्याला बांधलेलं असतं, पण तो त्या जातीत अगदी सर्वसाधारण दिसणारा असलाच पाहिजे अशी अट नसते, पुढे वाद झाला तर नाव कशाचं होतं ते बघायला तो असतो. दगडाचं पण तसंच. आपला जांभा दगड, ज्याचे चिरे काढून अख्खं कोकण बांधलं, त्याचं शास्त्रातलं नाव लॅटराइट, आणि ते दिलं फ्रान्सिस ब्युकॅनन नावाच्या माणसाने 1807 मध्ये, विटेच्या लॅटिन शब्दावरून, कारण खाणीतून मऊ असताना कापायचा आणि उघड्यावर ठेवला की कडक होतो. पण त्याने वर्णन केलं ते केरळातल्या अंगाडिपुरमच्या दगडाचं. म्हणजे जांभ्याचं नमुना-ठिकाण केरळात, आणि आम्ही इथे त्याच्याच घरात राहून त्याच्याच गडग्यावर बसतो. तेव्हा “नमुना” लिहिताना त्याचा अर्थ सगळ्यात चांगला असा होत नाही हे लक्षात असू दे, चांगला म्हणायचं असेल तर “नमुनेदार” करा, त्या ‘दार’ने सगळा फरक पडतो.

अस्सल, गावठी आणि आंब्याची भानगड

अस्सलची जोडी नक्कलशी. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर “अस्सल बरहुकूम खरी नक्कल” असं लिहिलेलं सापडतं, वाचताना हसू येतं पण बरोबर आहे, मूळ कागद तो अस्सल आणि हातात मिळालेली ती नक्कल, पण खरी. म्हणून साधी चाचणी करायची: ह्या वस्तूची नक्कल होऊ शकते का, होत असते का? होत असेल तर अस्सलला अर्थ आहे. “अस्सल हापूस”ला आहे, कारण बाहेरचा आंबा आमच्या नावाच्या पेटीत बसून विकला जातो हे सगळ्यांना माहितीय. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर ह्या पाच जिल्ह्यांसाठी, त्यामुळे हापूसपुरतं तरी अस्सल हे नुसतं विशेषण राहिलेलं नाही. “अस्सल सूर्यास्त” मात्र लिहू नका, नकली सूर्यास्त कोण विकतंय. (हे खरंच छापायला आलं होतं.)

आता हापूस म्हणजे कलम. एका झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधायची, म्हणजे सगळी झाडं मूळ एकाच रक्ताची, म्हणून “हापूस असावा तर असा” म्हणताना आपल्या डोळ्यासमोर एक ठरलेलं फळ असतं, पातळ साल, केशरी गर, रेषा नाही, आणि पेटी उघडली की वास घरभर. रायवळचं तसं नाही. रायवळ कोयीतून उगवतो, प्रत्येक झाड वेगळं, एक आंबटढाण तर शेजारचं गोड, एकाला शेपूचा वास. म्हणून गावात रायवळाच्या झाडांना एकेकटी नावं असतात, बिटकी, शेपू, साखऱ्या. “टिपिकल रायवळ” म्हणून काही नसतंच मुळी. असं जिथे प्रत्येक नग वेगळा, तिथे टिपिकल, आदर्श सगळं सोडा आणि त्या एकाचंच वर्णन करा.

गावठी शब्दाची मात्र मजा बघा. बाजारात गावठी म्हणजे भाव वाढला, गावठी कोंबडी, गावठी अंडी, गावठी काकडी. तोच शब्द माणसाला लावला तर भांडण. म्हणून होमस्टेच्या बोर्डावर “गावठी जेवण” चालेल, “गावठी माणसं” नको, तिथे “गावची माणसं” लिहा.

शुद्धतेचे जरा दागिन्यातले शब्द पण आहेत. सोनं कसोटीच्या दगडावर घासलं की उमटते ती रेघ म्हणजे कस, त्यावरून बावनकशी. शंभर नंबरी पण सोन्यावरूनच. आणि सोळा आणे, म्हणजे पूर्ण रुपया, 1957 मध्ये दशमान नाणी आली, आणे गेले, पण “सोळा आणे खरं” अजून चालतंय. हे शब्द माणसाच्या गुणाला, शब्दाला, मैत्रीला शोभतात. बावनकशी बांगडा फ्राय नको.

माणसांसाठी ठरलेल्या जोड्या

इथे मात्र नियम वगैरे नाही, कानाला सवय आहे तेच. हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी. पट्टीचा पोहणारा, पट्टीचा गाणारा, पट्टीचा खाणारासुद्धा. कसलेला नट, मुरब्बी राजकारणी, गाढा अभ्यासक, जातिवंत कलाकार. मैत्रीत जानी दोस्त, वैरात कट्टर. दुसऱ्या बाजूला अट्टल चोर, सराईत गुन्हेगार, मुलखाचा आळशी, ठार वेडा, धादांत खोटं, शुद्ध मूर्खपणा, तद्दन फालतू. ह्या सगळ्यांचा अर्थ एकच, त्या त्या गोष्टीचा पूर्ण नमुना, पण जोडी बदलली की संपलं. सत्काराच्या फ्लेक्सवर “अट्टल समाजसेवक” असं एकाने लिहून आणलं होतं, मी विचारलं तर म्हणे म्हणजे एकदम पक्के ना. पक्के चालेल म्हटलं, अट्टल काढा.

ह्यात पण छटा आहेत. हाडाचा म्हणजे ते त्याच्या स्वभावातच आहे, पगार नसता तरी केलं असतं. पट्टीचा म्हणजे कौशल्य, क्षमता. कसलेला म्हणजे अनुभवाने झालेला. समजा दशावतारातला, म्हणजे आमच्याकडच्या रात्रीच्या लोकनाट्यातला, एखादा संकासुर नावाचा विनोदी राक्षस करणारा, संवाद लिहिलेले नसतात, जागच्या जागी रचायचे, समोरच्याने टाकलेला शब्द उचलून लोकांना हसवायचं. त्याला पट्टीचा म्हटलं तर त्याच्या तोंडाचं कौतुक झालं, कसलेला म्हटलं तर किती जत्रा पालथ्या घातल्या त्याचं झालं, आणि हाडाचा दशावतारी म्हटलं की दिवसा काजूच्या फॅक्टरीत काम करून रात्री परत तोंडाला रंग लावतो त्याचं झालं. तिन्ही एकाच वाक्यात नको, कुठलं सांगायचंय ते एक उचला.

अर्क आणि इरसाल हे जपून. “बापाचा अर्क आहे” हे घरातलं माणूस घरातल्याबद्दल हसत म्हणतं, बाहेरच्याने म्हटलं तर टोमणा. वाढदिवसाच्या बॅनरवर मित्रमंडळ “इरसाल” लिहायला सांगतं, मी एकदा आईला फोन करून विचारा म्हणते. “आदर्श” चं पण आता असंच होत चाललंय, पुरस्कारांनी इतका वापरला की अवतरणचिन्हात टाकला की लगेच टोमणा होतो. संस्कृतात आदर्श म्हणजे आरसा, बिचाऱ्याची काय अवस्था.

विशेषण न लावता

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि लोक हाच विसरतात. मराठीत एखाद्या गोष्टीचा अगदी नमुना सांगायला विशेषण लागतंच असं नाही, वाक्याची घडणच ते काम करते. “सारखा” घ्या: घरासारखं घर, माणसासारखा माणूस. म्हणजे नाव घेतलं की जे अपेक्षित ते सगळं असलेलं. माझी आजी जून संपला तरी म्हणायची, “पावसासारखो पाऊस नाय पडलो यंदा”, आणि ह्यात पाऊस कसा असायला हवा ते सगळं आलं, पागोळ्या, भरलेली व्हाळं, चार दिवस न वाळणारे कपडे, काहीच सांगावं लागलं नाही.

मग “असावा तर असा”. मग “म्हटलं की”: जत्रा म्हटली की मालवणी खाजं, गणपती म्हटले की भजनं आणि डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. हे ओळख दाखवायला एक नंबर, कॅप्शनला तर फारच बरं. मग “शोभणे”, मालवणीत “बापाशीचो झील शोभतंस” म्हटलं की पुढे अस्सल वारसदार वगैरे काही जोडायची गरज नाही, सूर बघून कौतुक की शिवी ते ऐकणारा ठरवतो. आणि “म्हणजे … च”, कोकणी माणूस म्हणजे कोकणी माणूसच, हे लिहिताना पोकळ वाटतं, बोलताना मात्र मान हलवून म्हटलं की पुरतं.

आणि जोडशब्द. हिरवागार, पिवळाधमक, काळाकुळकुळीत, थंडगार, तिखटजाळ, कडूजहर, हे म्हणजे त्या रंगाचा, त्या चवीचा पूर्ण नमुनाच, आतच बसवलेला. फक्त बाजू बघा, पांढराशुभ्र म्हणजे कौतुक आणि पांढराफटक म्हणजे आजारी. गोडमिट्ट म्हणजे आमच्याकडे तक्रार, सोलकढीला लावलात तर वाढणारी परत विचारणार नाही.

त्याहून बरं म्हणजे ज्या खुणेवरून जाणकार ओळखतो ती खूणच सांगायची. परफेक्ट घावणे काय लिहिता, जाळीदार घावणे लिहा. पीठ पाण्यासारखं पातळ, बिडाचा तवा सणसणीत तापलेला, कडेकडेने ओतलं की चर्र आवाज येतो आणि भोकं पडत जातात, तवा थंड असला की जाळी पडतच नाही, घावणा नुसता लगदा होऊन बसतो. म्हणून ‘जाळीदार’ ह्या एका शब्दात तवा, पीठ आणि करणारीचा हात तिन्ही पास झाले. माशाला तसंच “ताजे फडफडीत”, आणि जरा पुढे जायचं तर कल्ले लालबुंद, डोळा चकचकीत, बोट दाबलं तर खळगा राहत नाही. हे वाचून ज्याला मासे कळतात तो येणारच, आणि ज्याला कळत नाहीत तो निदान पुढच्या वेळी बाजारात कल्ला उघडून बघेल, कोळीण ओरडेल ते वेगळं.

लिहिताना सांभाळायच्या दोन-चार गोष्टी

एका वाक्यात असलं एकच विशेषण. “अस्सल पारंपरिक टिपिकल मालवणी घरगुती चव” असं आलं की वाचणारा एकही धरत नाही. “अगदी” आणि “एकदम” हे स्वस्त आहेत पण कामाचे, एकदम क्लासिक, अगदी हुबेहूब, पण हुबेहूब आणि तंतोतंत हे नकलेचे शब्द, ते मूळ वस्तूला लावू नका, नातू आजोबांसारखा दिसतो तिथे ठीक. क्लासिक आणि परफेक्ट हे इंग्रजीतून आले तरी आता आपलेच आहेत, क्लासिक जुन्याला आणि अजून टिकलेल्याला, परफेक्ट जमून आलेल्याला, म्हणजे परफेक्ट चहा बरोबर, क्लासिक चहा म्हणजे कालचा उकळलेला वाटतो मला तरी.

मूर्तिमंत आणि साक्षात हे गुणांसाठी, मूर्तिमंत साधेपणा, साक्षात अन्नपूर्णा. साक्षात जरा देवाकडचा शब्द आहे, नगरसेवकाच्या वाढदिवसाला वापरलात तर गावात चार दिवस चर्चा, पण छापून मागतात, देते.

आणि कृपा करून छापायला देण्याआधी शुद्धलेखन. जातिवंत आणि मूर्तिमंत ह्यात ति ऱ्हस्व, हुबेहूबमधला दुसरा हू दीर्घ. श्रेष्ठ, कनिष्ठ, घनिष्ठ ह्यांना ठ, पण उत्कृष्ट आणि वैशिष्ट्य ह्यांना ट. “उत्कृष्ठ” असे सहा फुटी फ्लेक्स लागलेत आमच्या जिल्ह्यात, आणि फ्लेक्स एकदा छापला की खोडता येत नाही, वर स्टिकर चिकटवला तर उन्हाने आठवड्यात कड सुटते आणि ठ परत बाहेर येतो.